फळीवरचा ताळेबंद

भांडारात तूरडाळ मिळेनाशी झाली, की समजावं. साखर एखाद्या दिवशी संपते. दिवाळीच्या तोंडावर हरभराडाळीची आणि बेसनाची ओढाताण होतेच. पावसाने घाट बंद झाला, तर तेलाचा ट्रक दोन दिवस उशिरा येतो. पण रोजच्या वरणाची डाळ मराठी वस्तीतल्या किराणा दुकानातून सलग आठवडाभर गायब राहते, तेव्हा त्याचं कारण पावसात किंवा पिकात शोधायचं नसतं. घाऊक बाजारात कुणीतरी हात आखडता घेतलेला असतो. मागच्या मालाचे पैसे पोचलेले नसतात, म्हणून पुढचा माल निघालेला नसतो.

ताळेबंद वर्षातून एकदा छापून येतो आणि तो वाचायला थोडं शिक्षण लागतं. फळी रोज उघडी असते आणि ती कुणालाही वाचता येते.

आमच्या उपनगरातलं सहकारी भांडार असं फळीफळीने रितं होताना मी पाहिलं. आधी डाळी गेल्या, मग गोडं तेल, मग चहा. फिनेल, बुटाचं पॉलिश, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि अगरबत्त्या मागे राहिल्या, कारण ज्याला रोजचं गिऱ्हाईक नसतं तो माल शेवटपर्यंत साथ देतो. नंतर एकाच कंपनीची बिस्किटं चार-चार फळ्या भरून दिसू लागली. तेवढा एकच वितरक अजून उधारीवर माल टाकत होता. सकाळी दुकान उघडलं की कर्मचारी उरलेले पुडे ओढून फळीच्या कडेशी आणत आणि एकेरी ओळीत उभे करत, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला फळी भरलेली दिसावी. पुडा उचलताना हात जरा आत गेला, तर मागच्या पत्र्याला लागे. मग वरच्या मजल्यावरचे दिवे बंद राहू लागले. गल्ले कमी झाले. दाराजवळची मोक्याची जागा बाहेरच्या विक्रेत्याला चादरींच्या सेलसाठी दिली गेली. इतकं होऊनही काउंटरवरच्या माणसांच्या बोलण्यातलं मार्दव तसंच होतं. “उद्या बघा ना, वहिनी,” ते म्हणत. आपला पगार दोन-तीन महिने अडकलेला असताना दुसऱ्याला उद्याचा भरवसा देणाऱ्या त्या माणसांविषयी मला आजही फार आदर वाटतो.

या भांडारावर वस्तीचा जीव होता. पगार झाला की पहिल्या रविवारी यादी घेऊन निघायचं, हा घराघरातला रिवाज. माझी आई तिथली सभासद होती. तिच्या नावाचा भागाचा दाखला कपाटात दागिन्यांच्या डबीखाली ठेवलेला असे, आणि ती त्याला दागिन्याइतकंच जपे. तिथल्या डाळीत खडे नसत. गहू पाखडून, वजन करून पुड्यांत बांधलेला असे आणि घरी काट्यावर ठेवला तरी तेवढाच भरे. जूनच्या आधी वह्यांचे गठ्ठे येत, गणपतीच्या आधी गूळ आणि खोबरं, दिवाळीच्या आधी उटणं आणि मोती साबण. वस्तीचं वर्ष त्या फळ्यांवर आधी उगवायचं आणि मग घरोघरी जायचं.

पण मला सर्वांत जास्त आठवतं ते तिथे ऐकलेलं एक वाक्य. तांदळाच्या काउंटरवर एक वयस्कर काका असत. आईने एकदा पिशवी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती हलकेच मागे सारली. “वहिनी, हा नवा तांदूळ आहे. भात गोळा होईल. घरात चार दिवसांचा असेल तर थांबा, जुना येतोय.” समोर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा हा विक्रेता कुणाच्या नुकसानीची काळजी करत होता? दुकान आईचं होतं. त्याने एका मालकिणीला चुकीच्या खरेदीपासून वाचवलं, एवढंच. विक्रीचा आकडा आणि माणसाचं हित यांत अंतर पडू नये म्हणून माणसांनी एकत्र येऊन उभारलेली ही व्यवस्था होती, आणि ते सगळं मला त्या एका वाक्यात भेटलं.

ही व्यवस्था मुंबईत भुकेच्या काळात रुजली. 1943 साली शहरात रेशनिंग आलं. युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, तरी धान्याची टंचाई आणि काळा बाजार संपला नाही. गिरणगावातल्या चाळींत पगाराचे दिवस आणि वाण्याच्या उधारीचे दिवस यांचा मेळ कधीच बसत नसे. उधारीवर जगणाऱ्याला वजनाबद्दल, भेसळीबद्दल, भावाबद्दल तोंड उघडता येत नाही. वाणी वाईट होता असं नव्हे. कित्येक वाण्यांनी संपात आणि आजारपणात कामगारांच्या चुली पेटत्या ठेवल्या. पण ज्याच्या वहीत आपलं नाव लिहिलेलं आहे, त्याच्या तराजूकडे टक लावून पाहणं अवघड असतं. अशा वेळी, 1948 साली, नायगावात कामगार चळवळीतल्या माणसांनी मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था उभी केली. पुढे सगळी मुंबई तिला ‘अपना बाजार’ म्हणून ओळखू लागली.

त्याच्या शंभरेक वर्षं आधी इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अशाच माणसांनी अशाच कारणासाठी दुकान काढलं होतं. 28 कारागिरांनी 28 पौंड जमवले आणि 1844 च्या डिसेंबरात पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर दार उघडलं. शुद्ध माल, पुरतं वजन, रोखीचा व्यवहार, आणि भाग कितीही असोत, माणशी एकच मत. नायगावच्या चाळींना हे नियम नव्याने समजावून सांगण्याची गरज नव्हती. गिरणीच्या शहरात राहणाऱ्या दोन्हीकडच्या माणसांची अडचण एकच होती.

1962 च्या चीन युद्धानंतर भाव भडकले, तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक भांडारांना बळ देणारी योजना आणली. 1966 साली दिल्लीत सुपर बाजार सुरू झाला. 1968 मध्ये मुंबईत ‘सहकारी भांडार’ याच नावाची संस्था आली. काचेची कपाटं, एका छपराखाली धान्यापासून कापडापर्यंत सगळं, छापील पावती, हे तेव्हाच्या मध्यमवर्गाने आणि कामगारांनी पहिल्यांदा पाहिलं ते सहकारी दुकानांत. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सोबतिणींनी महागाईविरुद्ध लाटणी हातात घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर मोर्चे काढले. सरकारच्या दारात थाळ्या वाजवणाऱ्या या बायकांची मागणी आणि भांडाराच्या काउंटरची शिकवण एकच होती. भाव हा आभाळातून पडत नाही. तो माणसं ठरवतात, म्हणून त्याचा जाब माणसांना विचारता येतो.

मग हे सगळं आक्रसलं कसं?

पहिलं कारण माणसांच्या जाण्यात आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले हजारो पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. घरं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली, काही गावाकडे परतली. ज्या पगाराच्या भरवशावर महिन्याची यादी निघायची, तो पगारच उरला नाही. दुकान जागच्या जागी राहिलं आणि त्याखालची वस्ती निघून गेली. जिथे गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तिथे नवे रहिवासीही आले. पण त्यांचा या दुकानाशी खरेदीपलीकडचा संबंध नव्हता आणि बऱ्याचदा खरेदीचाही नव्हता.

दुसरं कारण मला भांडारांच्या चळवळीच्या यशातच दिसतं, आणि ते अधिक चटका लावणारं आहे. शुद्ध माल, पुरतं वजन, ठरलेला भाव आणि पावती या चार गोष्टींसाठी लोक भांडारात जात. 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. 1990 नंतर वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत छापली जाऊ लागली. बंद पाकिटांतला माल गल्लोगल्ली पोचला. जे मागण्यासाठी ही दुकानं निघाली, ते थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या पदरात पडलं. ही लहान गोष्ट नव्हे. आज कोपऱ्यावरच्या दुकानात आपण निर्धास्तपणे पाकीट उचलतो, त्या निर्धास्तपणात भांडारांचा आणि ग्राहक चळवळीचा वाटा आहे. पण त्यानंतर भांडाराकडे स्वतःचं असं काय राहिलं, हा प्रश्न उभा राहिला आणि बहुतेक ठिकाणी त्याला उत्तर मिळालं नाही.

तिसरं कारण पैशाचं. किराण्याच्या धंद्यात नफा फार बारीक असतो. जागा, वीज, पगार, नासधूस वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीमागे चार-दोन रुपये हाती राहिले, तरी दुकान बरं चाललं म्हणायचं. अशा धंद्याचा सगळा भार खेळत्या भांडवलावर असतो, आणि खेळतं भांडवल विरजणासारखं असतं. थोडं मागे राहिलं, तरच उद्याचं दही लागतं. एका वर्षी तोटा भरून काढायला त्यातलं काढलं, की वितरकाचे पैसे पंधरा दिवसांऐवजी महिन्याने जातात. वितरक मग सणाची सवलत देत नाही. सवलत गेली, की फळीवरचा भाव समोरच्या दुकानापेक्षा वर जातो. भाव वर गेला, की यादीतल्या निम्म्या वस्तू लोक दुसरीकडून आणतात. विक्री घटली, की पैसे महिन्याऐवजी दोन महिन्यांनी जातात. शेवटी वितरक हात जोडून सांगतो, आधी रोख द्या. तूरडाळ गायब होते ती त्या दिवशी.

खाजगी दुकान अशा वेळी बाहेरून भांडवल आणतं. सहकारी दुकानाला ते जमत नाही, आणि हे न जमणं त्याच्या घडणीतच आहे. महाराष्ट्रातल्या 1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे लाभांश 15 टक्क्यांवर देता येत नाही. भाग कितीही घेतले तरी मत एकच. भागाची किंमत वाढत नाही. सभासदत्व सोडलं, तर बहुधा दर्शनी किमतीइतकेच पैसे हाती येतात. जास्त पैसा घालणाऱ्याला जास्त सत्ता मिळू नये, म्हणून ही कुंपणं विचारपूर्वक घातली होती. ज्या कुंपणाने पैशाची दांडगाई बाहेर ठेवली, त्यानेच अडचणीच्या दिवसांत पैसाही बाहेर ठेवला.

मुंबईच्या किराण्याच्या इतिहासात या दोन वाटा एका ठिकाणी भेटतात. 1999 साली राधाकिशन दमाणी यांनी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवायला घेतली होती. तो मार्ग त्यांना पटला नाही. 2002 मध्ये पवईला त्यांनी डी-मार्टचं पहिलं दुकान उघडलं. वितरकाचे पैसे लवकरात लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात माल स्वस्तात घ्यायचा, जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची, झटपट खपेल तोच माल ठेवायचा, ही त्यांची रीत. ज्या गाठीत भांडारं अडकली, तीच गाठ त्यांनी उलट्या बाजूने सोडवली. मार्च 2017 मध्ये त्यांच्या कंपनीचा शेअर 299 रुपयांना विकला गेला आणि बाजारात नोंदला गेला त्या दिवशी 604 रुपयांवर उघडला. माझ्या आईच्या दाखल्यावरचा आकडा मात्र छापला होता तेवढाच राहिला. या दोन कागदांची तुलना करताना मला डी-मार्टचा राग येत नाही. तिथे रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या हातांत तशीच यादी असते आणि त्यांच्या घरी चार पैसे खरोखर वाचतात. गरिबाच्या संसाराला स्वस्ताई मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे.

खाजगी असलं की तरतंच असंही नाही. चेन्नईहून आलेल्या सुभिक्षा या साखळीची दुकानं मुंबईत बघता बघता उघडली आणि 2009 च्या सुमारास देशभर तितक्याच वेगाने बंद झाली. वेग तिला मानवला नाही, पैसा संपला, आणि शटरं खाली आली. त्याबद्दल वस्तीत कुणी हळहळल्याचं मला आठवत नाही. लोक शेजारच्या दुकानात गेले. पगार थकलेल्या कामगारांचं नुकसान तिथेही झालं, पण गिऱ्हाइकाचं काही तुटलं नाही. दिल्लीचा सुपर बाजार 2002 साली अवसायनात निघाला, मुंबईच्या ‘सहकारी भांडार’ने 2006 मध्ये रिलायन्सशी हातमिळवणी केली, कामगार आणि मध्यमवर्गीय वस्त्यांतून पसरलेला अपना बाजार पुढच्या काळात आकसत गेला. या बातम्यांनी मात्र घरातलं कुणी खचल्यासारखं वाटलं. पिढीच्या पिढी ज्या दुकानाला स्वतःचं म्हणत आली, त्याचा ताळेबंद हा तिच्याही आयुष्याचा जमाखर्च होता.

पण मला वाटतं, पैसा कमी पडण्याच्या कितीतरी आधी या दुकानांत दुसरं काहीतरी कमी पडू लागलं होतं. त्याची नोंद वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेत सापडते. सूचनेच्या तळाशी एक ओळ असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. माझ्या लहानपणी ही ओळ नुसती छापली जायची. शाळेचं सभागृह भरलेलं असे. हातात अहवालाची पुस्तिका, मागच्या बाकांवर पोरं, आणि कुणीतरी बाई पदर खोचून उभी राहून विचारी, “तांदूळ शेजारच्या वाण्यापेक्षा आठ आण्यांनी महाग का?” व्यासपीठावरच्या अध्यक्षांना उत्तर द्यावं लागे. बाजारभाव, वाहतूक, पोत्यामागची घट, सगळं सांगावं लागे. चौथी शिकलेली बाई त्या सभेत घाऊक आणि किरकोळ भावातला फरक समजून घेऊन घरी जाई. पुढे ती ओळ खरी होऊ लागली. सभा तहकूब व्हायची, अर्धा तास जायचा, आणि मग समोरच्या रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने हिशेब मंजूर व्हायचे. ज्या वर्षी तोटा पहिल्यांदा वाढला, त्या वर्षी तो का वाढला हे विचारायला सभागृहात कुणी नव्हतं. संचालकांच्या निवडणुका पॅनेलच्या झाल्या, खरेदीचे निर्णय बंद दाराआड गेले. जाब विचारणारे नसले, की प्रामाणिक माणूससुद्धा सैल पडतो, आणि अप्रामाणिकाला तर तेच हवं असतं. भांडाराचं भांडवल भागांच्या दाखल्यांत कधीच नव्हतं. ते त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईत होतं. ती यायची थांबली आणि पुढची सगळी घसरण आकड्यांतून दिसायला काही वर्षं लागली, एवढंच.

म्हणूनच या गोष्टीचा शेवट कुलूप आणि प्रशासक यांवर करावा असं मला वाटत नाही. 1975 साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायतीची वाटपाची पद्धत मला इथे फार मोलाची वाटते. तिला दुकानच नाही. आसपासची काही कुटुंबं मिळून संघ करतात. दर महिन्याला मागणीपत्रकावर प्रत्येक घर आपली गरज लिहितं. सगळ्यांची मागणी एकत्र होते, तेवढ्याच मालाची खरेदी होते, माल एका घरी उतरतो आणि सभासद तो आपल्या हाताने वाटून घेतात. गरज आधी आणि माल नंतर, असा उलटा क्रम. त्यामुळे न खपलेल्या मालात पैसा गोठत नाही, फळ्या भरलेल्या दाखवाव्या लागत नाहीत, आणि काम करणारे हात सभासदांचेच असल्यामुळे ‘मला काय त्याचं’ म्हणायची सोय राहत नाही. यात वेळ जातो आणि पोती उचलावी लागतात. पण ज्या गोष्टी भांडारं हळूहळू पगारी माणसांवर सोपवत गेली, त्या इथे घराघरांत वाटलेल्या आहेत, आणि मला वाटतं, तिचं बळ त्यातच आहे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आजही कितीतरी ग्राहक भांडारं उघडी आहेत. काही उत्तम चालतात, काही कशीबशी तग धरून आहेत. तिथल्या सभासदांना मला कळकळीने सांगायचं आहे. हळहळण्यासाठी दार बंद व्हायची वाट पाहू नका. महिन्याची सगळी यादी नाही, पण डाळ, तांदूळ, तेल तरी तिथून घ्या, कारण रोज फिरणारा मालच वितरकाचा विश्वास टिकवतो. फळी वाचा. एखादी वस्तू सलग दिसेनाशी झाली, तर काउंटरवरच्या माणसावर न चिडता व्यवस्थापकाला गाठा. अहवालाची पुस्तिका रद्दीत जाण्याआधी तिच्यात वितरकांची देणी किती वाढली ते बघा. आणि सप्टेंबरात सभेची सूचना आली, की तो अर्धा तास उलटू देऊ नका. सभेत उभं राहा आणि डाळीचा भाव विचारा. उत्तर पटलं नाही, तर पुन्हा विचारा. स्वस्त डाळ आज पुष्कळ ठिकाणी मिळते. तिचा भाव असा का, हे विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचा हक्क मात्र मालकालाच असतो, आणि या एका दुकानाचे मालक आपण आहोत.